चार बोटं चिकटपट्टी

आईने बशी तिरपी धरली, लेकीच्या फोनमधल्या चित्राकडे पाहिलं, परत बशीकडे पाहिलं, आणि चहाचा कप बाजूला सारला.

"भिंगरी, हे कडं फार गोल आहे गं," ती म्हणाली.

भिंगरी म्हणजे तिची एकुलती एक लेक. वय एकोणतीस, शिक्षण इतकं की नातेवाइकांना सांगता सांगता बापाला दम लागावा. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. आता सकाळी खुर्चीत बसली की संध्याकाळी उठते, पण नाव पडलं ते पडलंच. आज दुपारी चार वाजता संस्थेच्या मोठ्या सभागृहात, दोनशे माणसं आणि चार-पाच कॅमेरे यांच्यासमोर, ती आयुष्यातला पहिला मोठा शोध जाहीर करणार होती. आणि त्याचं चित्र तिने आधी आईला दाखवलं, कारण काहीही झालं की आधी आईला दाखवायचं ही तिची बालवाडीपासूनची खोड.

चित्रात एक तारा होता, नव्या दुर्बिणीने टिपलेला पहिलाच, अजून बाळसंही न धरलेला. त्याच्याभोवती धुळीची चकती, आपल्याकडून पाहता तिरपी, म्हणून लांबट. आणि त्या चकतीच्या आत एक बारीक, झळझळीत कडं. चकती लांबट, कडं मात्र कंपासने काढल्यासारखं गोल.

आईच्या हातातल्या बशीलाही कडेला एक निळी रेघ होती आणि आत दुसरी. बशी तिरपी केली की दोन्ही रेघा लांबट व्हायच्या. एक लांबट आणि एक गोल, असं काही केल्या होईना.

"तीच तर बातमी आहे, आई," भिंगरी टोस्ट चावत म्हणाली. "कडं चकतीसारखंच तिरपं असतं तर कुत्र्यानेही विचारलं नसतं. ते सरळ आपल्याकडे तोंड करून उभं आहे. म्हणजे कुणीतरी त्याला ओढून उचललंय. एवढी धूळ उचलायची ताकद कुणात असते? ग्रहात. नुकता जन्मलेला ग्रह आहे तिथे. तो दिसत नाही, पण त्याची करामत दिसते."

"आणि यंत्रातलंच काही नसेल कशावरून?"

"तपासलं ना. तुझ्या दोऱ्याची गोष्ट कुणी विसरलेलं नाही तिथे. रिकाम्या आभाळाकडे तोंड करून चित्र घेतलं होतं, त्यात कडं नव्हतं." तिने बॅग खांद्याला लावली. "आठ महिने मी दुसरं काही केलेलं नाही, आई. आजचा दिवस पार पडला की माझी नोकरी पक्की आणि माझा स्वतःचा गट. तू फक्त तिसऱ्या रांगेत बस आणि रडू नकोस."

ती गेलीसुद्धा. आई बशी धरून तशीच बसून राहिली.

आता एका शिवणकाम करणाऱ्या बाईला ताऱ्याभोवतीच्या कड्याचं काय पडलंय, असं कुणाला वाटेल. वाटू दे. ज्या दुर्बिणीने ते चित्र काढलं तिची आतली पांघरुणं या बाईने शिवली होती. उपग्रहांना पांघरुणं लागतात आणि ती कुणीतरी बसून शिवावी लागतात, हे भल्या भल्या शिकलेल्यांना माहीत नसतं. चंदेरी पापुद्रा, त्यावर जाळीचं कापड, परत पापुद्रा, असे वीस-वीस थर, आणि टाका घालताना एक थर दाबला गेला की अख्खं पांघरूण फुकट. सव्वीस वर्षं तिने तेच केलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाली. संस्थेत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. तिचं खरं नाव काय, हे पगाराच्या कारकुनालाही कागद बघून सांगावं लागे.

ती दुर्बीण म्हणजे एक नव्हती, दोन होत्या. एका लांबलचक दांड्याच्या दोन टोकांना दोन आरसे, आणि मधोमध एक पेटी. दोन्हीकडचा उजेड त्या पेटीत येऊन एकमेकांत मिसळायचा, आणि त्या मिसळण्यातून इतकं बारीक दिसायचं की जणू दांड्याएवढा एकच आरसा आहे. तारा पाहताना अख्खा दांडा वर अवकाशात सावकाश गरगरायचा, म्हणजे सगळ्या बाजूंनी माप मिळतं. आणि उजेड तरी कसला, तर डोळ्यांना न दिसणारा. धुळीच्या पोटात तारे आणि ग्रह जन्मतात, तिथून साधा उजेड बाहेर पडतच नाही, बाहेर पडते ती त्या धुळीची ऊब. ती ऊब पाहायची ही दुर्बीण. म्हणून तिला स्वतःला ऊब असून चालत नाही, हाडं गोठतील त्याच्याही कितीतरी पलीकडे तिला थंड ठेवावं लागतं. प्रकल्पाचे प्रमुख उठता-बसता "थंड ठेवा, थंड ठेवा" म्हणत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना थंडोबा म्हणायचे. त्यांना हे ठाऊक होतं, आणि तेही त्यांनी थंडपणेच घेतलं होतं.

थंडोबांनी एकदा शिवणखोलीत येऊन नीट समजावलं होतं. चकचकीत धातू या दुर्बिणीला काळा दिसतो. पण त्याच धातूवर दोरा, कागदाचा कपटा, टेप, काहीही चिकटलं की ते दिव्यासारखं उजळतं, कितीही गार केलं तरी. पुढे जमिनीवरच्या चाचणीत एकदा चित्रात कडं आलं. गोल गरगरीत. पेटी उघडली तर आत मावशीचा नखाएवढा दोरा. दांडा फिरतो, दोरा त्याच्याबरोबर फिरतो, आणि चित्रात त्याचं कडं उमटतं. त्या दिवशी मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ते कडं ती जन्मात विसरणार नव्हती, आणि आज सकाळी टोस्टच्या ताटलीशेजारी तिने तेच कडं पाहिलं होतं.

पण धास्ती नुसत्या दोऱ्याच्या आठवणीची नव्हती. तिला आठवली ती टेपची वही.

दोऱ्याच्या भानगडीनंतर ही वही सुरू झाली होती. पिवळसर चिकटपट्टीचा तुकडा कापला की लांबी लिहायची, वापरला की कुठे ते लिहायचं, उरला तर आणून दाखवायचा. मावशी बोटांनी मापायची आणि वहीत मिलिमीटर लिहायची, आणि मागाहून पट्टी लावून बघणाऱ्यांची दरवेळी जिरायची. शिवणखोलीत एक जुनी रीत होती. शेवटचं पांघरूण चढवताना सगळ्या बायका टेपच्या तुकड्यावर आपापली नावं लिहून आत कुठेतरी चिकटवून द्यायच्या. कितीतरी उपग्रह त्यांची नावं पोटात घेऊन वर गेलेत. या दुर्बिणीच्या वेळी मावशीनेच ती रीत बंद पाडली. "नावाची एवढी हौस असेल तर घराच्या दारावर लावा," असं सगळ्यांना खडसावलं होतं तिने.

आणि मग शेवटच्या आठवड्यात पेटीतला एक तापमापक बिघडला. सगळ्या चाचण्या होऊन गेल्या होत्या. झाकण उघडलं, तापमापक बदलला, झाकण परत बसलं, आठही स्क्रू आवळले गेले. संध्याकाळी मावशी वहीचा हिशेब मिळवायला बसली तर चार बोटं टेप कमी भरली.

दोन तास ती गुडघ्यांवर रांगत होती. बाह्या झटकल्या, केराचा डबा उपसला, टेबलाच्या पायांखाली बॅटरी मारून पाहिली. टेप नाही. सांगितलं असतं तर झाकण उघडायचं, सगळं परत थंड करून तपासायचं, त्यात तीन आठवडे गेले असते आणि उड्डाणाची तारीख हातची जाऊन वर्ष वाया गेलं असतं. शिवाय आधीचा तो दोरा होताच तिच्या नावावर. तिने मनाची समजूत घातली की गेली असेल कुणाच्या बुटाला चिकटून. वहीत "जुळलं" असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून ती सही तिने पोटात ठेवली होती. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला तर नाहीच.

"अगं, यातला कुठला जास्त चमकतोय?" बाबा दोन्ही हातांत एकेक बूट धरून दारात उभे होते. बस आगारात तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस, पण सकाळपासून बुटांना असं घासत होता की पाहुणे चार वाजता बुटांनाच बघायला येणार आहेत.

"एक विचारू?" आई म्हणाली. "समजा, मला एक गोष्ट माहीत आहे, आणि ती सांगितली तर आपल्या पोरीचं होतं-नव्हतं ते सगळं बुडतं. तर?"

"आज कशाला सांगतेस? उद्या सांग."

"उद्या सांगितलं तर ती आज चारचौघांत चुकीचं बोलून बसलेली असेल."

बाबांनी बूट खाली ठेवले. "मग ते ब्रेक लागत नाही हे माहीत असून गाडी रस्त्यावर सोडल्यासारखं झालं," ते म्हणाले आणि बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प झाले. काय ते त्यांनी विचारलं नाही. एवढी अक्कल त्यांना लग्नाच्या बत्तीस वर्षांत आली होती.

आई अकराच्या बसने संस्थेत गेली. पूर्ण वाटभर तिच्या मनात एकच चाललं होतं. कुणाला कळणार आहे? यंत्र इतकं दूर की तिथे जाऊन झाकण उघडून बघणारं कुणी नाही. वहीत सही आहे, जुळलं लिहिलंय. पोरीची नोकरी पक्की होईल. दहा वर्षांनी कुणी मोठी दुर्बीण पाठवेल, कडं नाही म्हणेल, तेव्हाचं तेव्हा. असा विचार करताना तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटूनही ती तोच विचार परत परत करत राहिली.

संस्थेच्या दारातून आत गेलं की समोरच्या भिंतीवर पितळी पत्रा लावलेला होता. दुर्बिणीच्या दांड्यावर नावांचा जो पत्रा बसवला होता त्याचीच ही जोडी. तीनशे बारा नावं कोरलेली. शास्त्रज्ञ, इंजिनिअर, हिशेबनीस, झाडून सगळे. शिवणखोलीतल्या सहा बायका तेवढ्या नाहीत. शिवणखोली कागदोपत्री भांडारात मोडायची आणि भांडाराची नावं घ्यायची नाहीत असं वर कुठेतरी ठरलं होतं. तेव्हा भिंगरी इथेच आरसे मोजायला शिकत होती. पत्रा पाहून तिने घरी येऊन आकाशपाताळ एक केलं होतं, दोन दिवस धड जेवली नव्हती. आईच तिला म्हणाली होती, "नाव कोरल्याने टाका घट्ट बसतो का? गिळ मुकाट्याने."

भिंगरीच्या खोलीत पडद्यावर तेच कडं उजळत होतं. भिंगरी भाषणाचा कागद घेऊन भिंतीशी बोलत होती.

"आई? इतक्या लवकर? बाबा कुठे?"

"दार लाव," आई म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. वही, चार बोटं, दोन तास रांगणं, जुळलं हा शब्द, सही. सांगताना ती लेकीकडे पाहत नव्हती, टेबलावरच्या स्टेपलरकडे पाहत होती. "पेटीत कुठेतरी ती टेप आहे. हे तिचं कडं आहे, भिंगरी. ग्रह नाही गं."

मग तिने मान वर केली. रागावेल, रडेल, अंगावर येईल, या सगळ्याची तयारी करून आई आली होती. पण भिंगरी नुसती आ वासून बघत होती, आणि ते बघणं आईला कळेना.

"झाकण," भिंगरीच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला. "तापमापक बदलल्यावर झाकण परत कुणी बसवलं?"

"मीच. पांघरूण त्याच्यावर मीच बांधलं आणि मीच नेऊन बसवलं. आतली बाजू खाली, जशीच्या तशी चौकटीत. आत डोकावून बघायचं नाही असा नियमच होता."

"जसं निघालं होतं तसंच बसवलं?"

आईला आठवायला क्षणही लागला नाही. आपल्या हातचं काम ती कधी विसरत नसे. "नाही. फिरवून बसवलं. शिवण उन्हाच्या बाजूला येत होती. शिवण कधी उन्हाच्या बाजूला घ्यायची नाही, तिथून ऊब आत शिरते. आठ स्क्रू सारखेच, झाकण अर्धं फिरवलं तरी बसतं. आराखड्यातही चालेल असं लिहिलेलं होतं."

भिंगरी खुर्चीत बसली. मग एकाएकी ती संगणकाकडे वळली आणि जुनी चित्रं उघडू लागली. रिकाम्या आभाळाचं चित्र आलं. काळं, आणि त्यात एका बाजूला एक अंधूक ठिपका.

"हे बघ. हा ठिपका. दूरची कुठली तरी दीर्घिका असेल म्हणून आम्ही सोडून दिला," ती म्हणाली. "रिकाम्या आभाळासाठी दांडा फिरवलाच नव्हता. फिरवायला इंधन लागतं, जिथे काहीच नाही तिथे कोण जाळणार. आणि दांडा फिरला नाही तर कडं कसं येईल, आई? ठिपकाच येईल."

तिने मधल्या बिंदूपासून ठिपक्यापर्यंतचं अंतर मोजलं. मग ताऱ्याच्या चित्रात मधल्या बिंदूपासून कड्यापर्यंतचं मोजलं. दोन आकडे पडद्यावर एकाखाली एक आले आणि दोघी ते वाचत राहिल्या. शेवटच्या घरापर्यंत आकडे एकच होते.

आठ महिने. आईला संताप आला, खरा, डोकं तापवणारा संताप. "त्या पाचजणींपैकीच कुणीतरी केलंय हे. मी एवढं बजावलं असताना. एकेकीच्या घरी जाते आणि विचारते. कुणाची नावाची खाज होती ती."

"जाऊ नकोस."

"का नको? तुझं आयुष्य मातीत घातलं तिने."

"आई, ती मी होते."

आईला आधी ऐकूच आलं नाही. म्हणजे कानावर पडलं, पण आत शिरेना.

"झाकण काढून ठेवलेलं होतं, तू वहीत लांब्या लिहीत होतीस, तेव्हा मी तुझ्या टेबलावरून टेप कापली," भिंगरी म्हणाली. ती अगदी सपाट आवाजात बोलत होती. "झाकणाच्या आतल्या बाजूला मोजून लावली होती, आई. पेटीत एक काळा पडदा आहे, त्याच्या आड येईल अशी. झाकण निघालं होतं तसंच बसलं असतं तर ती टेप कधीच कुणाला दिसली नसती. दुसऱ्या दिवशी मी चोरून वही बघितली. तू जुळलं लिहिलं होतंस. मला वाटलं, चला, कुणाला पत्ता लागला नाही."

"पण का? तुला सगळं कळत असताना? काय लिहिलंस त्याच्यावर असं?"

"तुझं नाव."

आईने टेबलाची कड धरली.

"पूर्ण नाव," भिंगरी म्हणाली. "तीनशे बाराजणांत नाही ना घेतलं, मग मी आतच लावलं. पत्रा बाहेर आहे, तुझं आत. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं."

लेकीच्या एक सणसणीत कानाखाली द्यावी असं आईला वाटलं, आणि तिला पोटाशी घट्ट धरावं असंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही.

पाऊण वाजला होता. आईचं डोकं आधी ठिकाणावर आलं, आणि आलं ते भलत्याच वाटेने. सकाळपासून खरं सांगायचं म्हणून जीव टाकलेली बाई आता लेकीचा दंड धरून म्हणत होती, "हे बघ. टेप मी लावली असं सांग. शिवणखोलीची रीतच होती, सगळ्यांना पटेल. सही माझी, टेप माझी. मी निवृत्त झाले, मला कोण काय करणार आहे? तुझा शोध गेला तर गेला, दुसरा लागेल. पण तू लावलीस हे कळलं तर तुला या दारातून आत घेणार नाहीत."

"चल," भिंगरी एवढंच म्हणाली. "थंडोबांना सांगायला हवं."

थंडोबांनी दोन्ही चित्रं पाहिली, दोन्ही आकडे वाचले, चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळत बसले. "टेप कुणी लावली?" त्यांनी विचारलं. आई "मी" म्हणाली आणि त्याच क्षणी भिंगरी "मी" म्हणाली. थंडोबांनी एकदा मायकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं. "आता सभा रद्द करता येणार नाही," ते म्हणाले. "माणसं वाटेत आहेत. चार वाजता उभं राहून जे खरं आहे ते सांगा."

चार वाजता सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाबा तिसऱ्या रांगेत कोट घालून बसले होते, बूट लखलखत होते. आईने त्यांना काही सांगितलं नव्हतं, तिच्याने सांगवलंच नाही. भिंगरी मंचावर आली. मागे भिंतभर ते चित्र उमटलं आणि सभागृहातून एकच मोठा श्वास ऐकू आला. इतकं देखणं होतं ते. बाबांनी टाळीसाठी दोन्ही हात वर उचलले.

"हे कडं तिथे नाही," भिंगरी म्हणाली.

काहींना ती गंमत करतेय असं वाटलं, पुढच्या रांगेतला एकजण हसलासुद्धा. मग तिने दुसरं चित्र लावलं, ठिपका दाखवला, दोन आकडे दाखवले. "दुर्बिणीच्या पेटीत, झाकणाच्या आत, चार बोटं टेप आहे. ती मी लावली. कुणाला न विचारता, नियम माहीत असताना. त्यावर एक नाव लिहिलेलं आहे." आणि तिने आईचं नाव घेतलं. आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. सव्वीस वर्षांत त्या इमारतीत कुणी मोठ्याने न घेतलेलं नाव ध्वनिवर्धकातून दोनशे माणसांच्या डोक्यावरून गेलं. आजूबाजूला बसलेले, तिच्या हातचा चहा प्यायलेले लोक एकमेकांना विचारू लागले की ही कोण.

आई उभी राहिली. "मी," ती म्हणाली. "आणि टेप कमी भरली हे मला त्याच दिवशी माहीत होतं. वहीत जुळलं असं मी लिहिलं. खोटी सही माझी आहे, ती पण लिहून घ्या."

तिच्या स्वतःच्या कानांनाही तो आवाज ओळखीचा वाटला नाही. बाबा मान वर करून तिच्याकडे पाहत होते, कधीच न पाहिलेल्या बाईकडे पाहावं तसे.

शेवटी मागून एका वार्ताहराने विचारलं, "आता ती टेप काढणार कशी?"

थंडोबा उठले. "काढता येणार नाही. तिथे कुणी जाऊ शकत नाही. दुर्बीण जिवंत आहे तोवर ती उजळत राहणार." त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. "पण ती नेमकी कुठे आहे आणि केवढी आहे हे आता आपल्याला कळलंय. यापुढे कुठल्याही ताऱ्याचं चित्र काढायचं तर आधी ती टेप वजा करायची. पहिली पायरी तीच राहील." मग ते आईकडे वळले आणि खिशातलं पेन काढलं. "मावशी, पूर्ण नाव परत एकदा सांगता? कार्यपद्धतीत लिहावं लागेल."

आईने सांगितलं. तेही हळू आवाजात, चूक केलेल्या पोरीने मास्तरांना सांगावं तसं.

"दाखवा वजा करून," थंडोबा मंचाकडे पाहून म्हणाले.

भिंगरीने कळ दाबली. भिंतीवरचं कडं फिकं झालं, आणखी फिकं झालं आणि गेलं. मागे उरली ती धुळीची लांबट, तिरपी चकती, साधी, सकाळच्या बशीसारखी, आत काहीही नसलेली. आईचं नाव त्या ताऱ्यावरून पुसलं गेलं आणि त्याच्याबरोबर लेकीचा ग्रहही गेला. भिंगरी मायक्रोफोन हातात धरून त्या रिकाम्या चकतीकडे पाहत उभी होती, आणि तिसऱ्या रांगेत बाबांचे टाळीसाठी उचललेले हात अजून तसेच वर होते.